जॅकची कमिटी

आमच्या फरीदाबादच्या सोसायटीत हल्ली एकेकाच्या दारात डोंगराएवढी गाडी उभी असते. चारही चाकांना जोर, टपावर शिडी, मागे दोरखंड, जणू उद्या लडाखला निघायचंय. जाते कुठे? पोरांच्या शाळेत, आणि रविवारी मॉलमध्ये. परवा वरच्या मजल्यावरचे खन्ना मोबाइल नाचवत आले. माणूस पंचेचाळिशीचा, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. "आंटी, जॅक लेना है. ये देखिए, दस टन का, रेटिंग भी बढ़िया." मी विचारलं, गाडीखाली मोजलंत का? "नापना क्या है आंटी, गाडी ढाई टन की है." म्हणजे झालं! सगळा जन्म यंत्रशाळेत घालवला मी, पण ही अक्कल काही जगातून हटत नाही. टन बघतात. टन काय करायचेत? जॅक मिटलेला असताना किती बुटका होतो, उघडल्यावर किती उंच जातो, हवा जाऊन चाक पार बसल्यावर एक्सलखाली, म्हणजे दोन चाकांमधल्या दांड्याखाली, त्याला जागा उरते का, आणि त्याच्या बुडाखाली जमीन आहे की भुसभुशीत माती, हे बघायचं असतं. खन्नांना सगळं समजावलं. त्यांनी "बिल्कुल, बिल्कुल" म्हटलं आणि जिना चढता चढता तोच जॅक मागवला. मला आमच्या बाबांची आठवण झाली.

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये माझं सगळं लहानपण गेलं. दोन खोल्या, मागे एक अंगण, त्यात तुळस आणि खडखडणारा कूलर. पहाटे दूधवाल्याची सायकल, मग "आलू ले लो, गोभी ले लो" असा लांबलचक पुकारा, मग आईच्या कुकरच्या शिट्ट्या आणि शेजारच्या नायरांच्या रेडिओवर लागलेल्या बातम्या, या क्रमानं आमचा दिवस उजाडायचा. आई पोह्यांत मटार घालायची, कारण दिल्लीच्या थंडीत मटार मातीमोलानं मिळायचे आणि नारळाला मात्र सणावारीच हात लावता यायचा. गोडा मसाला पुण्याहून कुणी येणार असेल त्याच्या हाती यायचा, आणि तो डबा उघडला की घरभर जो वास सुटायचा, त्यानं आई दोन दिवस खुशीत असायची. आम्ही मुलं मराठी बोलायचो, पण कसली मराठी! "आई, मी थक गेले" म्हणायचो. पाटाला पटरा म्हणायचो. आई आमची चूक सुधारायची नाही, नुसती बघायची. तिच्या बघण्यात पुष्कळ काही असायचं, पण ते विचारायची पद्धत आमच्या घरात नव्हती.

बाबा मंत्रालयात खरेदीच्या सेक्शनमध्ये होते. टेबलं, पंखे, टाचण्या, सतरंज्या, काय वाटेल ते घ्यायचे, पण स्वतःच्या डोक्यानं कधी नाही. तीन कोटेशनं, एक कमिटी, आणि जे काही चुकेल ते कमिटीचं चुकेल. ही सवय त्यांनी घरीही आणली. कूलरची गवताची जाळी बदलायची तरी देवधरकाकांना बोलावलं जायचं. देवधरकाका आमच्याच ब्लॉकमध्ये, ऑडिटमध्ये नोकरीला. मूळचे सदाशिव पेठेतले आणि ते कुणी विसरू नये याची काळजी घेणारे. त्यांचा प्रश्न एकच असायचा, "ह्याची गरज होती का?" वस्तू चांगली की वाईट याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. दोघं चहा घ्यायचे, आणि आई तिसरा कप ओतेस्तोवर जाळीतून गरम झळा घरात येत राहायच्या.

अशा या दोघांनी एक गाडी घेतली. फौजेच्या लिलावातली, जुनी, चारही चाकांना जोर असलेली, लोखंडाचा नुसता डोंगर. चारधामला जायचं म्हणे! दोन घरांत मिळून एक गाडी, आणि एकालाही नीट चालवता येत नव्हती. बाबा ती दुसऱ्या गियरच्या वर नेत नसत. चार चाकांचा जोर लावायचा जो दांडा होता, त्याला फडकं बांधून ठेवलं होतं, चुकून कुणाचा हात लागू नये म्हणून. एवढ्या अवजड गाडीला सगळ्यात कठीण चढ कुठला पार करावा लागला? सेवानगरचा फ्लायओव्हर. मला मात्र ती गाडी मनापासून आवडली होती. मी नुकतीच बारावी झालेली, हडकुळी, वेणी घातलेली मुलगी. जरा रिकामी झाले की बॉनेट उघडून उभी राहायची. गाडीबरोबर आलेलं मळकं पुस्तक मी पाठ केलं होतं. गाडीखाली शिरून कुठला दांडा कुठे जातो ते बोटानं चाचपून बघायची आणि ग्रीसनं माखून घरी यायची. बाबांचा त्यावर एकच शेरा, "हे मुलींचं लक्षण नाही."

तेव्हा माझ्या जिवाला एकच घोर होता. मला पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकलला जायचं होतं. नंबर लागला होता. सोमवारी फॉर्म भरला नाही तर जागा जाणार होती, आणि फॉर्मवर पालकांची सही हवी होती. बाबा नाही म्हणत नव्हते. नाही म्हणणं म्हणजे निर्णय घेणं, आणि तो त्यांनी आयुष्यात कधी घेतला नव्हता. ते म्हणायचे, "बघू. सुर्व्यांना विचारू."

हे सुर्वेमामा कोण, ते सांगायला हवं. सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातले, कॅन्टोन्मेंटमध्ये राहणारे, फौजेतले सुभेदार. मिशी झुपकेदार, पाठ ताठ, आवाज खणखणीत. आणि फौजेत ते काय करायचे? बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. ही काही लपलेली गोष्ट नव्हती. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर ते दरवर्षी क्लॅरिनेट वाजवत आणि आम्ही सगळे डोळे मिटून ऐकत असू. खरं सांगते, इतकं गोड वाजवणारा माणूस मी पुन्हा ऐकला नाही. त्यांची बोटं त्या काळ्या नळीवर फिरायला लागली की माझ्या आईचे डोळे भरून यायचे. पण म्हणून त्यांना गाड्यांतलं कळतं, हे कुठल्या शहाण्यानं ठरवलं? तर बाबांनी! बाबांचं म्हणणं, फौजी तो फौजी. अंगावर वर्दी आहे म्हणजे इंजिनापासून मुलींच्या शिक्षणापर्यंत सगळं कळणार. आणि बिचाऱ्या सुर्वेमामांना साहेबलोकांनी खुर्ची देऊन काही विचारलं की "मला ठाऊक नाही" म्हणवत नसे. हळूहळू त्यांना स्वतःलाही वाटायला लागलं असावं की आपल्याला ठाऊक आहे.

माझ्याबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "साहेब, फौजेच्या वर्कशॉपात बाईमाणूस म्या तरी बघितलं न्हाई. लोखंडाचं काम हाय. पोरीच्या जातीला झेपायचं न्हाई." बाबांनी मान डोलावली. वर्कशॉपच्या दारावरून वाद्यांची पेटी घेऊन जाण्यापलीकडे ज्यांचा वर्कशॉपशी संबंध आला नाही, ते माझं नशीब ठरवत होते! मी आतल्या खोलीत उभी होते. आई कणीक मळत होती. तिनं कणकेचा गोळा परातीत एवढ्या जोरात आपटला की परात वाजली. बाबांनी आवाज दिला, "काय पडलं गं?" आई म्हणाली, "काही नाही."

त्याच बैठकीत जॅकचा विषय निघाला. लिलावात गाडीबरोबर जॅक मिळाला नव्हता, आणि येत्या रविवारी सगळ्यांना फरीदाबादला कुलकर्ण्यांच्या वास्तुशांतीला जायचं होतं. मग बसली कमिटी. बाबा अध्यक्ष, देवधरकाका हिशेबाच्या बाजूनं, आणि सुर्वेमामा टेक्निकल मेंबर. बाबा हा शब्द तोंडभरून उच्चारायचे. "गाडीचं वजन किती? तीन टन धरा. मग जॅक?" सुर्वेमामा म्हणाले, "फौजेत कधी काटोकाट घेत न्हाईत साहेब. दणकट घ्यायचा. वीस टनी बॉटल जॅक घ्या, बाटलीवानी उभा असतोय त्यो. ट्रक उचलतोय." देवधरकाकांनी विचारलं, "वीस टनांची गरज आहे का?" बाबा म्हणाले, "सेफ्टी मार्जिन." त्यावर देवधरकाकांनी मान डोलावली. इंग्रजी शब्द आला की ऑडिटचं समाधान होतं.

मी चहा घेऊन गेले होते, तिथेच उभी राहिले. "बाबा, जेवढे टन जास्त, तेवढा बॉटल जॅक जाडा आणि उंच असतो. चाक पंक्चर होऊन बसलं की एक्सल खाली येतो. मग हा त्याच्याखाली शिरणारच नाही. आणि चासीखाली, गाडीच्या सांगाड्याला लावायचा म्हटलं तर तेवढा वर पोहोचणार नाही. आपल्या गाडीची चासी केवढी उंच आहे! एकदा हवा काढून मोजून बघू या ना, मी मोजते." तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू चहाच्या ट्रेनं तोंड उघडलं. बाबा म्हणाले, "विजू, कप ठेव आणि जा." देवधरकाका हसून म्हणाले, "अहो, हवा काढायची, मग पुन्हा भरायची, त्याची गरज आहे का?" झालं. कश्मीरी गेटच्या बाजारातून तो वीस टनी ठोंब्या आला. बाबा आणि सुर्वेमामा दोघांनी मिळून तो उचलून घरात आणला. आईनं त्याला हळदकुंकू लावावं अशी बाबांची इच्छा होती. आई म्हणाली, "तुम्हीच लावा."

रविवारी सकाळी निघालो. बाबा गाडी चालवत होते, शेजारी टेक्निकल मेंबर, मागे देवधरकाका-काकू, आई, मी, मेथीच्या पराठ्यांचा डबा, शेंगदाण्याची चटणी, आणि मंडळाचे पंगतीचे पाट. ते पाट आमच्याकडेच असायचे, आणि कुलकर्ण्यांकडे पंगत बसवायची होती. एकावर एक रचलेल्या त्या पाटांवर पाय ठेवून मी बसले होते. देवधरकाकूंनी वाटेत विचारलं, "मग विजू, काय ठरलं तुझं?" मी म्हटलं, "उद्याचा शेवटचा दिवस आहे." बाबांनी समोर बघतच हॉर्न वाजवला. रस्त्यावर कुणीही नव्हतं.

बदरपूर मागे पडलं आणि गाडी मागून डाव्या बाजूला बसायला लागली. पंक्चर. बाबांनी गाडी रस्त्याच्या कडेला मातीत घेतली. ऊन चढलं होतं, ट्रक धुरळा उडवत जात होते. सुर्वेमामांनी बाह्या सरसावल्या आणि वीस टनी ठोंब्या एक्सलखाली सरकवायला गेले. शिरेना. तिरका केला, फिरवला, लाथ मारली. शिरेना तो शिरेना! मग त्यांनी तो चासीखाली उभा केला आणि दांडा हलवायला लागले. जॅक पुरा वर आला आणि चासीपासून वीतभर खालीच थांबला. तिघं पुरुष त्या वीतभर जागेकडे बघत उभे राहिले.

"खाली काहीतरी द्यावं लागंल," सुर्वेमामा म्हणाले. बाबांची नजर पाटांवर गेली. आता पाट म्हणजे काय असतं? वर एक फळी, खाली दोन पट्ट्या, मधे पोकळ. माणसानं मांडी घालून वरणभात खायला केलेली वस्तू ती. बाबांनी त्यातले वरचे काढले आणि एकावर एक ठेवून त्यावर तो लोखंडी ठोंब्या उभा केला. मी ओरडलेच, "अहो बाबा, पाट मधून पोकळ असतो! मोडेल! निदान विटा तरी बघू." बाबा म्हणाले, "विजू, तमाशा करू नकोस रस्त्यात. टेक्निकल मेंबर आहेत ना?" टेक्निकल मेंबर दांडा मारत होते. पाट करकरले. गाडी हळूहळू वर आली, स्प्रिंगा लांबल्या, आणि अखेर चाक जमिनीवरून बोटभर सुटलं. देवधरकाकांनी टाळ्या वाजवल्या. मी कडेच्या दोन विटा आणून पुढच्या चाकांना लावल्या. तेवढ्यात नट सोडून सुर्वेमामांनी चाक बाहेर ओढलं.

ते चाक मी धरलं आणि आडवं करून एक्सलखाली ढकलायला लागले. जड होतं, एकटीला सरकेना. बाबा कडाडले, "तो कचरा आत कशाला कोंबतेस? स्टेपनी आण आधी!" मी म्हटलं, "जॅक सुटला तर गाडी ह्याच्यावर थांबेल." "काही सुटत नाही. बाजूला हो!" तेव्हा आई गाडीतून उतरली. तिनं पदर खोचला, माझ्याशेजारी मातीत गुडघे टेकले, आणि आम्ही दोघींनी ते चाक एक्सलखाली घातलं. तिचं नवं इरकली लुगडं पार मातीत गेलं. बाबा म्हणाले, "अगं, तू काय..." आईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि बाबा स्टेपनी आणायला वळले.

स्टेपनी आणली. सुर्वेमामा ती बसवायला गेले आणि एक नट त्यांच्या हातून निसटून गाडीखाली गेला. मी म्हटलं, "मामा, आत जाऊ नका, मी काठीनं काढते." "अगं पोरी, फौजी हाय मी," म्हणून ते पोटावर आडवे झाले आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. उजवा हात. मी त्या हाताकडे बघत होते. तेवढ्यात पाट मोडले. आवाज कसला म्हणता! जॅक उडून रस्त्यावर पडला आणि सगळी गाडी धप्पकन खाली आली. देवधरकाकू किंचाळल्या. धुरळ्यात मला काही दिसेना. मी सुर्वेमामांचे पाय धरून ओढत होते, आणि आई त्यांच्या पाठीवरचा सदरा धरून. ते बाहेर आले. हात सबंध होता. कोपराला खरचटलं होतं, एवढंच. गाडी त्या पंक्चर चाकावर टेकून थांबली होती, आणि तेवढ्या फटीत त्यांचा हात वाचला होता. ते चाक नसतं तर तो माणूस पुन्हा क्लॅरिनेट वाजवू शकला नसता. सुर्वेमामा मातीत बसले आणि एकेक बोट मिटून उघडून बघायला लागले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

आणि आमचे बाबा काय म्हणाले असतील? "पाट साधे होते. सागवानी असते तर मोडले नसते." देवधरकाका म्हणाले, "मंडळाची मालमत्ता आहे, उत्तर द्यावं लागेल." मला त्या क्षणी दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली, आणि आज इतक्या वर्षांनीही वाटतात. दोघंही गेले, देव त्यांचं भलं करो, पण वाटतात.

एका ट्रॅक्टरवाल्याला थांबवून त्याच्याकडचा लहानसा स्क्रू जॅक मी मागून घेतला. तो एक्सलखाली सहज गेला. चाक मी बसवलं, आई एकेक नट पदराला पुसून माझ्या हातात देत होती. पुरुषमंडळी सावलीत उभी राहून पुढचं प्लॅनिंग करत होती.

कुलकर्ण्यांकडे पोहोचलो तेव्हा होम उरकला होता. पाट कमी पडले म्हणून सतरंज्यांवर पंगत बसली. मी आणि आई वाढत होतो. मसालेभात वाढता वाढता मला बाबांचा आवाज ऐकू आला. ते कुलकर्ण्यांना सगळी हकिगत रंगवून सांगत होते. "जॅक सटकला हो! पण आम्ही खबरदारी म्हणून आधीच काढलेलं चाक खाली सरकवून ठेवलं होतं. सेफ्टी मार्जिन! म्हणून निभावलं." माझ्या हातातलं पातेलं तिथेच थांबलं. आम्ही! मी सुर्वेमामांकडे बघितलं. म्हटलं, आता तरी हा माणूस बोलेल. ज्या हातानं घास घेतोय, तो हात कुणामुळे अंगावर आहे हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्यांनी एकदा वर पाहिलं, माझी नजर दिसली, आणि ते खाली मान घालून भात कालवायला लागले.

कुलकर्ण्यांनी मग सहज विचारलं, "आणि मुलीचं काय ठरवलंत?" बाबा ताक पीत होते. वाटी खाली ठेवून म्हणाले, "होम सायन्सला घालतोय. सुर्वे पण तेच म्हणाले." माझा निकाल असा ताकाबरोबर लागला. मी पातेलं घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि मोरीपाशी रडायला लागले. दुःखानं नाही हो, संतापानं. इतका संताप मला जन्मात पुन्हा आला नाही.

आई मागून आली. लुगड्यावरची माती वाळून पांढरी झाली होती. तिनं नळाखाली हात धरले आणि नखांतली ग्रीस कुलकर्ण्यांच्या भांडी घासायच्या राखेनं घासायला लागली. बराच वेळ घासत होती. मग मान वर न करता तिनं विचारलं, "त्या फॉर्मवर सही कुणाची लागते म्हणालीस?"

"पालकांची."

"म्हणजे वडिलांचीच?"

मी डोळे पुसले. "आई किंवा वडील, असं लिहिलंय."

"माझी चालते?"

"चालते."

आईनं नळ बंद केला. पदराला हात पुसले, आणि माझ्याकडे जे पाहिलं, ते आजही आठवलं की मान खाली जाते.

"मग इतके दिवस त्यांना कशाला विचारत होतीस गं?"